निकालाची नक्कल

तालुक्याच्या न्यायालयात राज्यघटनेचे नाव वर्षातून दोनदा निघते: २६ जानेवारीला झेंड्याखाली, आणि २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते तेव्हा. उरलेले सगळे दिवस सातबारा, फेरफार, वहिवाट, न वटलेले धनादेश, पोटगी आणि जामीन ह्यांचे असतात. आणि ज्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून ज्याला पालघर जिल्हा म्हणतात त्या मुलखात, वकीलपत्रे दाखल करण्यात आणि तारखा मागून घेण्यात घालवली, त्याला जर कोणी विचारले की तुमच्या व्यवसायात घटनेचा संबंध कितीसा येतो, तर तो बहुधा हसून म्हणेल की घटना मुंबईला आणि दिल्लीला असते, आमच्याकडे रोजनामा असतो. मीही पुष्कळ वर्षे हेच उत्तर देत आलो. परंतु अलीकडे जुनी दप्तरे आवरायला काढली, तेव्हा ध्यानात आले की डोंगर आणि समुद्र ह्यांच्या मध्ये पसरलेल्या ह्या पट्ट्यातून गेल्या पन्नास वर्षांत घटनेचे मोठमोठे प्रश्न वर गेले आहेत: अभिव्यक्तीचा, आदिवासींच्या जमिनीचा, जंगलाचा, स्वच्छ हवापाण्याचा, ग्रामसभेच्या अधिकाराचा. ते वर कसे गेले ह्याचे वर्णन कायद्याच्या ग्रंथांतून सापडते. ते खाली परत कसे आले, आणि आले की नाही, हे मात्र कोणी फारसे लिहीत नाही. ह्या लेखात आढावा घ्यायचा आहे तो त्या परतीच्या वाटेचा.

आरंभ सर्वांना ठाऊक असलेल्या प्रकरणापासून करतो. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे ह्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या रविवारी, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने हा बंद आदरापोटी आहे की धाकापोटी अशा आशयाचा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्यावर पसंतीची खूण उमटवली. तेवढ्यावरून गुन्हा नोंदला गेला, एकीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली, आणि सोमवारी त्या दोघींना अटक होऊन प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जामिनावर त्यांची सुटका झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. २००८च्या दुरुस्तीने आलेले हे कलम, संदेशाने कोणाला त्रास, गैरसोय किंवा वैताग झाला तरी तीन वर्षांपर्यंतचा कारावास सांगत असे; आणि वैताग ही वस्तू अशी आहे की तिच्यावर कायदा उभारायचा म्हटले तर प्रथम आम्हा वकिलांनाच आत जावे लागेल.

हे सारे ज्या गावात घडले त्या गावाने १४ ऑगस्ट १९४२ रोजी मोर्चावरील गोळीबारात आपली पाच माणसे गमावली आहेत. त्या हुतात्म्यांचे स्मारक भर वस्तीत आहे. सत्तर वर्षांनंतर त्याच गावातून बोलण्याच्या स्वातंत्र्याचा खटला निघावा ह्यात योगायोगापलीकडे काही नसेल, पण असले योगायोग विसरू नयेत असे मला वाटते.

पुढची कथा दिल्लीची आहे. श्रेया सिंघल ह्या कायद्याच्या विद्यार्थिनीने अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ज्याचा हक्क हिरावला गेला त्यानेच दार ठोठावले पाहिजे, हा जुना दंडक १९८१च्या न्यायाधीश-नियुक्तीच्या खटल्यापासून पुष्कळ सैल झालेला होता, म्हणून पालघरच्या मुलींची दाद दिल्लीच्या मुलीला मागता आली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन ह्यांच्या पीठाने ६६-अ समूळ रद्द केले. त्या निकालाचे मर्म एका भेदात आहे. एखाद्या मताची चर्चा करणे वेगळे, त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे वेगळे आणि कृत्याला चिथावणी देणे वेगळे. पहिल्या दोहोंना, ती कितीही अप्रिय असोत, अनुच्छेद १९(१)(अ)चे संरक्षण आहे, आणि तिसऱ्या पायरीवर पाऊल पडल्यावरच १९(२)मधील आठ कारणांचा विचार सुरू होतो. 'त्रास' आणि 'गैरसोय' हे शब्द त्या आठांत कोठेच नाहीत. निकाल वाचला तेव्हा मला मनापासून आनंद झाला आणि मी त्याच्या चार छायाप्रती काढून ठेवल्या, कारण अनुभवाने एवढे कळले होते की दिल्लीचा निकाल आणि पोलीस ठाण्याचा अंमलदार ह्यांची भेट आपोआप होत नसते.

ती झालीही नाही. रद्द झालेल्या कलमाखाली देशभर गुन्हे नोंदले जातच राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था (जिच्या उभारणीत मूळचे सासवडचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती तारकुंडे ह्यांचा मोठा वाटा होता) हे गाऱ्हाणे घेऊन पुन्हा न्यायालयात गेली, तेव्हा १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच्याच चार वर्षांपूर्वीच्या निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांमार्फत पोलीस खात्याला पोचवण्याचा आदेश द्यावा लागला. त्यानेही भागले नाही. जुलै २०२१मध्ये न्यायालयाने ह्या स्थितीबद्दल धक्का बसल्याचे बोलून दाखवले, आणि अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश लळीत ह्यांच्या पीठाने ह्या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे पुन्हा एकदा स्पष्ट करून टाकले. विलंबाचे एक कारण सरकारच्या बाजूनेच सांगितले गेले, आणि ते व्यवसायातल्या माणसाला लगेच पटेल: छापील कायद्याच्या पुस्तकात कलम पूर्वीसारखेच ठळक अक्षरांत उभे होते आणि ते रद्द झाल्याची वार्ता तेवढी तळटीपेत होती. न्यायालय कायदा निष्प्रभ करू शकते, पुस्तकातून तो पुसू शकत नाही. ते काम विधिमंडळाचे, आणि विधिमंडळाला तळटिपांची घाई नसते. ठाण्यातला हवालदार तळटीप वाचीत नाही म्हणून त्याला मी दोष देणार नाही. रात्री अकरा वाजता, बाहेर जमाव आणि आत घाबरलेला फिर्यादी अशा अवस्थेत मीही वाचली नसती.

ह्या प्रकरणात मला आणखी एक गोष्ट नेहमी जाणवत आली आहे. ग्रंथांतून नाव राहिले ते २०१५च्या निकालाचे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दोन मुलींना त्या सोमवारी घरी नेले ते पालघरच्या न्यायालयातील जामिनाच्या हुकुमाने, ज्यात घटनेचा एकही अनुच्छेद उद्धृत झाला नसावा. व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ तालुक्यात जेव्हा येतो तेव्हा तो असाच मुचलक्याच्या आणि हमीदाराच्या सातबाऱ्याच्या रूपाने येतो, आणि हमीदार वेळेवर मिळाला नाही तर तो रात्रभर कोठडीच्या बाहेर ताटकळतो.

आता जमिनीकडे वळू, कारण ह्या भागात न्यायाचा अर्थ अखेर जमिनीपाशीच येऊन ठेपतो. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, धोडी ह्यांच्या जमिनी सावकारांकडे आणि जमीनदारांकडे कशा गेल्या, लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी माणूस 'लग्नगडी' होऊन पिढ्यान्‌पिढ्या कसा राबला, ह्याचे कथन गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या ग्रंथात केले आहे. गोदूताई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. १९४५ साली झरी येथून सुरू झालेल्या लढ्याने आणि ऑक्टोबरातील तलवाड्याच्या गोळीबाराने, ज्यात जेठ्या गांगड आणि इतर वारली बळी पडले, वेठीचा कणा मोडला; तो घटनेच्या अनुच्छेद २३ने वेठ निषिद्ध करण्याच्या पाच वर्षे आधी आणि वेठबिगार निर्मूलनाचा १९७६चा कायदा होण्याच्या तीस वर्षे आधी. म्हणजे येथे हक्क आधी आला आणि कलम मागून आले. वकिलीच्या अभिमानाला हे फारसे मानवत नाही, पण इतिहास तसा आहे.

जमीन परत मिळण्याचा कायदा १९७४चा. १ एप्रिल १९५७, म्हणजे कूळकायद्याचा कृषकदिन, ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासीच्या हातून बिगर-आदिवासीच्या हाती गेलेल्या जमिनी चौकशीअंती मूळ मालकाला परत द्याव्यात, आणि त्या तारखेनंतरची हस्तांतरणे महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगीवाचून होऊच नयेत, अशी ती योजना. घेणाऱ्यांनी ह्या कायद्याला आव्हान दिले: आम्ही पैसे मोजून, रीतसर दस्त करून घेतलेली जमीन सरकार कशी काढून घेणार? डिसेंबर १९८४मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवताना असे प्रतिपादिले की कराराच्या दोन बाजू समान बळाच्या नसतील तेथे राज्य त्या कराराच्या मागे जाऊन पाहू शकते, आणि वाटपाचा न्याय हा घटनेचाच न्याय आहे. माझ्या मते भारतीय करारविचारात ह्याहून मोलाचे विधान क्वचितच झाले असेल.

पण हुकूम झाला म्हणजे जमीन मिळाली असे नव्हे. हुकुमाची नक्कल तहसील कचेरीतून तलाठ्याकडे जाते. तलाठी फेरफार धरतो. हितसंबंधितांना नोटिसा निघतात. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग पंचनामा होऊन कब्जापावती व्हायची असते, आणि त्या दिवशी पोलीस बंदोबस्त दुसरीकडे असतो, किंवा पावसाळा असतो, किंवा समोरच्याने अपिलात तात्पुरती स्थगिती आणलेली असते. ह्या साखळीतला एक दुवा जरी निखळला तरी सातबाऱ्यावर मालक एक आणि बांधावर दुसरा, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहते. माझ्या एका अशिलाच्या आज्याने अर्ज केला, बापाच्या नावे हुकूम झाला, आणि नांगर नातवाने घातला. दिल्लीच्या निकालाला आमच्या तालुक्यापर्यंतचे अंतर तोडायला किती वेळ लागतो, ह्याचे माप मी त्या दिवसापासून पिढ्यांत धरू लागलो.

वनजमिनीच्या बाबतीत मात्र वाट उलट दिशेनेही चालली, आणि हा भाग मला ह्या साऱ्या आढाव्यात सर्वांत रम्य वाटतो. जव्हार, डहाणू, विक्रमगड ह्या बाजूला जंगलपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या नागली आणि वरई पिकवणाऱ्यांपाशी कागद नव्हता. 'एकसाली' म्हणून वर्षावर्षाने दिलेले तुकडे होते, त्यांच्या नोंदी वनखात्याच्या कपाटात. कसणाऱ्याकडे पुरावा म्हणावा असा एकच कागद सापडे: अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाची पावती. म्हणजे जो कागद त्याला गुन्हेगार ठरवीत होता तोच पुढे त्याला हक्कदार ठरवू लागला, आणि ज्याने साहेबाला लाच देऊन पावती टाळली होती तो बिचारा पुराव्यावाचून राहिला. कष्टकरी संघटनेच्या प्रदीप प्रभू ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत हा प्रश्न उपस्थित झाला, आणि कागद नाही एवढ्याच कारणाने दावे न फेटाळता इतर पुराव्यांवरून त्यांची चौकशी व्हावी, ही भूमिका तेथे मान्य झाली. तोच विचार पुढे २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत उतरला. आज नियम १३ प्रमाणे विहिरी, बांध, स्मशाने, देवस्थाने ह्यांच्या खुणा पुरावा ठरतात, आणि दावेदाराखेरीज अन्य वयोवृद्धांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा ठरतो. १८७२च्या पुरावा कायद्यावर वाढलेल्या आम्हा लोकांना ऐकीव गोष्टीचा विटाळ. आणि येथे गावाची स्मृती हाच दस्तऐवज. आमच्या बाजूच्या पाड्यांनी देशाच्या पुराव्याच्या कल्पनेत ही भर घातली आहे.

डहाणूची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली फेटाळली. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित करून उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. पुढे बिट्टू सहगल ह्यांच्या याचिकेत ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने ह्या तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, आचार्य दादा धर्माधिकाऱ्यांचे चिरंजीव, त्याचे अध्यक्ष झाले. निकाल खाली पोचावा म्हणून न्यायालयाने स्वतःचा माणूसच खाली धाडला, असे ह्या व्यवस्थेचे वर्णन करता येईल. तिचा उपयोगही झाला. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. ती उभी राहायला २००७ उजाडले, पण राहिली. वाढवण येथील बंदराला १९९८ साली प्राधिकरणाने नकार दिला. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९मध्ये निवर्तले. आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने वाढवणच्याच नव्या, कितीतरी मोठ्या बंदराला अटींसह संमती दिली. एप्रिल २०२४मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि सुमारे ७६ हजार कोटींच्या ह्या प्रकल्पाची पायाभरणी ३० ऑगस्टला पालघर येथे झाली.

पंचवीस वर्षांत संस्थेचे मत बदलू नये असे मी म्हणणार नाही. अभ्यास नवे झाले असतील, बंदराची आखणी निराळी आहे, आणि देशाच्या गरजाही तेव्हाच्या राहिलेल्या नाहीत. पण पूर्वी 'नाही' म्हटलेल्या गोष्टीला 'हो' म्हणणाऱ्याने आपली कारणे दुप्पट विस्ताराने सांगितली पाहिजेत, असा न्यायदानाचा शिरस्ता आहे, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला ती कारणे त्याच्या भाषेत कोणी सांगितली असे मला दिसले नाही. तो मला विचारतो की पहिला हुकूम रद्द केव्हा झाला. मी त्याला सांगतो की रद्द झाला नाही, तो वेगळ्या प्रकल्पाबद्दलचा होता. त्यावर तो जे बोलतो ते येथे लिहिण्याजोगे नाही.

बोईसर-तारापूरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथील बरेचसे वाद अद्याप न्यायप्रविष्ट आहेत. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली चालू झाले. तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली आणि पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयात गेले. शेजारच्या औद्योगिक वसाहतीला केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात ९३.६९ गुण मिळाले, हा देशातला पहिला क्रमांक. गुण जितके अधिक तितकी दशा वाईट, अशी ती परीक्षा. खाडीत मासळी उरली नाही म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित न्यायाधिकरणात गेली. तज्ज्ञ समितीने कारखान्यांकडून आणि सामूहिक सांडपाणी केंद्राकडून मिळून सुमारे १६० कोटींची भरपाई सुचवली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयाच्या दारी पोचला. प्रदूषण करणाऱ्याने भरावे हे तत्त्व १९९६पासून आपल्या कायद्याचा भाग आहे. भरले जाते ते कोणाच्या हाती आणि किती वर्षांनी पडते, ह्याबद्दल तत्त्व मुग्ध आहे.

निकाल परत येताना ज्या भाषेतून येतो तिचाही विचार केला पाहिजे. जिल्हा आणि त्याखालील न्यायालयांची भाषा १९९८च्या अधिसूचनेने मराठी झाली. उच्च न्यायालयाची अनुच्छेद ३४८मुळे इंग्रजीच राहिली. म्हणून आमचा साक्षीदार वारलीत बोलतो, लघुलेखक ते कोर्टाच्या मराठीत उतरवतो, आणि अपिलाच्या वेळी त्याचे इंग्रजी होते. 'वहिवाट' ह्या एका शब्दाचे मी तीन वेगवेगळे इंग्रजी अनुवाद पाहिले आहेत: एकात ताबा होता, दुसऱ्यात नुसता उपभोग, तिसऱ्यात येण्याजाण्याची वाट, आणि प्रत्येकाने अपिलाचा निकाल वेगळा लागू शकला असता. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचे मराठी अनुवाद यंत्राच्या साह्याने होऊ लागले आहेत. त्यांचे मराठी कधीकधी इंग्रजीहून अवघड असते, तरी मी त्यांचे स्वागतच करतो.

व्यवसायाचे म्हणाल तर १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाल्यापासून आम्ही सगळे पुन्हा विद्यार्थी झालो आहोत. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८, आणि ४८२ म्हटले की जेथे पूर्वी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार आठवत तेथे आता अटकपूर्व जामीन येतो. कोणाला 'तीनशे अठरा' म्हणून हिणवता येत नाही, ही भाषेची हानीच म्हटली पाहिजे. विनोद सोडला तर चिंता वेगळीच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. म्हणजे ह्या जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना. तरीही मोखाड्याकडचा माणूस पहाटेची एसटी पकडून येतो, बकरी विकून आणलेले पैसे मेजावर ठेवतो, आणि हे पैसे द्यावे लागत नाहीत असे सांगितले तर त्याचा चेहरा पडतो, कारण फुकटच्या वकिलावर त्याचा भरवसा नसतो. त्याला दोष कसा द्यावा? आम्ही ह्या कामाला सर्वांत नवशिका सहकारी पाठवीत आलो.

तेव्हा मी आता एवढेच करतो, की अर्जाबरोबर निकालाची नक्कल जोडतो, ज्या परिच्छेदावर भिस्त आहे त्याच्या बाजूला तांबड्या पेन्सिलीने रेघ मारतो, शेवटी मराठीत चार ओळींचा सारांश लिहितो, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-बारनिशीचा शिक्का घेतल्यावाचून कचेरीतून हलत नाही. गेल्या पावसाळ्यात वनहक्काच्या एका दाव्यात अशी शिक्का मारलेली प्रत अशिलाच्या हाती दिली. म्हाताऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली, 'वकीलसाहेब, ह्यात माझं नाव कुठं आहे?' म्हणून विचारले. निकाल दुसऱ्याच कोणाच्या नावाचा होता, तसा तो नेहमीच असतो. मी पेन्सिलीची रेघ दाखवली. त्याने त्या रेघेवरून बोट फिरवले, कागदाची चौघडी केली, आणि शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पिशवीत, दंडाच्या जुन्या पावतीशेजारी तो ठेवून दिला.